टोकियोतलं यानाका एका दिवसात: कुठून शिरायचं, काय खायचं, कुठल्या वारी जायचं नाही?

रंकाळा_वेस यांचा प्रश्न

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं टोकियोला जातोय. मुक्काम उएनो स्टेशनजवळ, चार दिवस. त्यातला एक अख्खा दिवस यानाका या जुन्या वस्तीसाठी ठेवलाय. उंच टॉवर आणि मॉल बघायची कुणालाच हौस नाही. छोटी दुकानं, जुनी घरं, मधूनमधून बसायला कॉफीचं ठिकाण, एवढंच हवंय. पण व्हिडिओ बघावेत तर सगळ्यांत त्याच पायऱ्या आणि तीच मांजरं. कोल्हापुरात पाव्हणा आला की आपण त्याला सांगतो, महाद्वार रोडला अमुक वेळी जा, गुजरीतनं शीर, गाडी लांबच लाव. तसली माहिती हवीय.

अडचणी अशा: सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. सपाटीला चालतात, पण उतरताना गुडघा बोलतो. दोघं शाकाहारी (अंडं चालतं), दोघं मांसाहारी पण गोमांस नको. जपानी कुणालाच येत नाही. वार अजून ठरवलेला नाही.

तिकटीवरचा

लय विचार करू नका ताई. सोमवारी सकाळी जा, गर्दी नसते. निप्पोरी स्टेशनला उतरा, पायऱ्या उतरल्या की यानाका गिन्झा. पावणेदोनशे मीटरची गल्ली आणि साठेक दुकानं. दोन तासांत उरकतं, दुपारनं दुसरं काहीतरी बघा.

चढउतार

गल्लीची लांबी बरोबर आहे, बाकीचा सल्ला सोडून द्या. सोमवारी गर्दी नसते कारण निम्मं बंद असतं. असाकुरा शिल्प संग्रहालय सोमवारी आणि गुरुवारी बंद. जुन्या योशिदाया दारू दुकानाचं संग्रहालय सोमवारी बंद. हिमित्सुदो हे किसलेल्या बर्फाचं दुकान सोमवारी बंद. यानाका गिन्झातली काही दुकानं बुधवारी सुटी घेतात. म्हणून मंगळवार किंवा शुक्रवार धरा. शनिवार-रविवार सगळं उघडं असतं, पण कॅफेच्या रांगेतच अर्धा दिवस जातो. जपानमध्ये सोमवारी सार्वजनिक सुटी आली तर संग्रहालय त्या दिवशी उघडं ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात. तुमच्या आठवड्यात तसं काही नाही. २९ एप्रिलपासून मात्र तिथल्या सुट्ट्यांचा हंगाम सुरू होतो, त्याच्या आत या.

दुसरी गोष्ट दिशेची. यानाका म्हणजे ‘दरीच्या आत’. पूर्वेला उएनोचं पठार, पश्चिमेला होंगोचं पठार, मधे खोलगट भाग. सगळे निप्पोरीला उतरून त्या प्रसिद्ध पायऱ्यांवरून आधी खाली जातात, गल्ली बघतात आणि दमून तसेच परत वर चढतात. तुम्ही उएनोलाच राहताय, मग उलटं करा: सकाळी पठारावरून सपाटीनं चालत आत शिरा आणि संध्याकाळी गिन्झातून पायऱ्यांपाशी या. पायऱ्या चढाव्या लागतील, पण उतरताना दुखणाऱ्या गुडघ्याला चढ त्यातल्या त्यात बरा. त्या चढायच्या नसतील तर डावी-उजवीकडच्या फाट्याचं पुढं सांगतो.

क्रम असा. साडेआठला उएनो पार्कमधून राष्ट्रीय संग्रहालय आणि कला विद्यापीठ ओलांडून उत्तरेला चालायचं. वीसेक मिनिटांत एका चौकाच्या कोपऱ्यावर कायाबा कॉफी लागते. इमारत १९१६ ची, कॉफीचं दुकान १९३८ पासूनचं, मधे बंद पडून २००९ मध्ये पुन्हा सुरू झालेलं. सकाळी या वेळी जागा मिळते, अकरानंतर रांग. अंड्याचं सँडविच आणि ‘रशियन’ नावाचं पेय घ्या: निम्मी कॉफी, निम्मा कोको. चौकापलीकडंच योशिदायाचं १९१० चं लाकडी दुकान आहे. आत पिंपं, मापं, जुन्या जाहिराती. फुकट आहे, पंधरा मिनिटं पुरतात.

तिथून आतल्या रस्त्यानं पश्चिमेला निघालात की तीन रस्ते मिळतात तिथं एक भलंमोठं झाड दिसेल, त्याच्या बुडाशी एक छोटं पावाचं दुकान. झाड देवदार आहे, आपल्या हिमालयातला. कुंडीतलं रोप वाढून एवढं झालेलं. पुढं कान्नोनजी देवळाची मातीची भिंत आणि मग असाकुरा संग्रहालय. शिल्पकार असाकुरा फुमिओ यांचं राहतं घर आणि कार्यशाळा, १९३५ मध्ये पुरं झालेलं. अर्धं काँक्रीट, अर्धं पारंपरिक लाकडी, मधे पाण्याचं अंगण, गच्चीवर बाग. बाबूराव पेंटरांच्या गावच्या माणसानं हे चुकवू नये. चपला काढून पिशवीत घेऊन फिरावं लागतं आणि अनवाणी जाता येत नाही, पायात मोजे लागतात. आतले जिने अरुंद आहेत. सासूबाईंनी तळमजला आणि अंगण बघितलं तरी पैसे वसूल. गच्ची तुम्ही बघून या.

मग थोडं मागं येऊन सानसाकी-झाका हा उतार धरायचा (‘झाका’ म्हणजे चढाचा रस्ता). पायऱ्या नाहीत, सावकाश उतरतो. खालच्या बाजूला इसेतात्सू हे १८६४ पासूनचं छापील कागदाचं दुकान. त्याच रस्त्यानं सेंदागी स्टेशनच्या चौकाकडं गेलं की किकुमी सेंबेई, १८७५ पासून. तांदळाच्या चौकोनी कुरकुरीत चकत्या, सोया सॉस लावून भाजलेल्या. इथं सासूबाईंना चालवू नका. सेंदागीहून चियोदा लाइननं नेझू एकच स्टेशन आहे, मेट्रोनं जा.

नेझू देऊळ १७०६ सालचं, पाचव्या तोकुगावा शोगुनानं (शोगुन म्हणजे तेव्हाचा लष्करी राज्यकर्ता) बांधलेलं. एप्रिलमध्ये तिथल्या उतारावर अझेलियाची झाडं फुलतात, शंभरेक जातींची, सुमारे ३००० झुडपं. त्या बागेपुरतं वेगळं तिकीट असतं, देऊळ फुकट. बाजूला लाल कमानींची लांब रांग आहे, कमानी बुटक्या आहेत, उंच माणसांनी डोकं सांभाळा.

परतीला मुख्य रस्ता सोडून हेबी-मिची धरा, म्हणजे ‘सापवाट’. ही वाट उगाच वेडीवाकडी नाही. खाली आइझोमे नावाचा ओढा आहे, तो बुजवून वर रस्ता केला, म्हणून ओढ्याची वळणं रस्त्याला आली. एक बाजू तैतो वॉर्डात, दुसरी बुंक्यो वॉर्डात. पूर्ण सपाट आहे, वाहनं तुरळक, आणि दोन्ही बाजूंना घरातच थाटलेली एकेका खोलीची दुकानं. गिन्झापेक्षा वेळ इथं जास्त द्या. दार बंद दिसलं तरी बाहेर छोटा कापडी पडदा लटकत असेल तर दुकान चालू आहे. तो पडदा आत घेतला की दुकान बंद.

साडेचार-पाचला यानाका गिन्झात. दुकानं सहा-सातला शटर ओढतात, त्यामुळं आधी खरेदी आणि नंतर पायऱ्या. एप्रिलच्या मध्यावर सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. आपल्या सात वाजताच्या अंदाजानं गेलात तर अंधारात पोचाल. पायऱ्यांचं नाव युयाके दानदान, ‘संध्याकाळच्या लालीच्या पायऱ्या’. ३६ आहेत. वर पोचून मागं वळून पश्चिमेकडं बघायचं. चढायच्या नसतील तर पायथ्याच्या अलीकडं दक्षिणेला वळून शिचिमेन-झाका हा साधा चढ आहे, तो पायऱ्यांच्या माथ्यापाशीच येऊन मिळतो. तिथून निप्पोरी स्टेशन पाच मिनिटं, उएनोला दोन स्टेशनं.

तिकटीवरचा

सोमवारचं चुकलं, मान्य. पण एवढं सगळं एका दिवसात? दुपारी जरा टेकायचं कुठं?

चढउतार

टेकायला कमी पडत असेल तर सेंदागी-नेझूतलं एक गाळा: नेझू देऊळ किंवा कागदाचं दुकान. हेबी-मिची गाळू नका.

रश्श्यात_दाशी

खाण्याचं नीट समजून घ्या, कारण तिथं ‘शाकाहारी’ या शब्दाचा उपयोग होत नाही. दुकानदार ‘हो’ म्हणेल, म्हणजे वर मांसाचा तुकडा नाही एवढंच. रश्श्यात दाशी असते, सुकवलेल्या बोनितो माशाचा अर्क. सोबा आणि उदोन या शेवया, मिसो सूप, अंड्याची गुंडाळी, कधी नुसती उकडलेली भाजी, सगळ्यात ती जाते. आपल्याकडं पांढऱ्या रश्श्यात अळणी पाणी असतं तसं समजा: दिसत नाही, पण त्यावरच सगळं उभं आहे. शाकाहारींनी दाशी चालवून घ्यायची की नाही हे निघायच्या आधी घरात ठरवा. दारात उभं राहून चर्चा केली तर मागची रांग खोळंबते.

यानाका गिन्झातला सगळ्यांत प्रसिद्ध पदार्थ मेंची-कात्सू, खिम्याची तळलेली टिक्की. दोन मांसाच्या दुकानांपुढं रांगा असतात. ती गोमांसाची किंवा गोमांस-डुकराची मिळून असते, तुम्हा चौघांपैकी कुणालाच चालणार नाही. शेजारी बटाट्याची टिक्की दिसेल, कोरोक्के. ती बटाटावडा समजून घेऊ नका. त्यात बहुतेक वेळा थोडा खिमा असतो आणि मांसाच्या दुकानात तळणही चरबीत करतात. शब्द पाठ करा: ग्यूनिकू म्हणजे गोमांस, बुतानिकू डुकराचं, तोरिनिकू कोंबडी. ‘निकू मो साकाना मो ताबेमासेन’ म्हणजे मांसही खात नाही, मासाही नाही. हे वाक्य बोलण्यापेक्षा कागदावर जपानीत छापून न्या, दुकानदार वाचून लगेच हो-नाही सांगतो.

बिनधास्त खाण्यासारखं: तैयाकी (माशाच्या आकाराचा, आत लाल चवळीसारख्या अझुकीचं गोड पुरण, मासा फक्त साच्यात). नेझूतलं तैयाकीचं दुकान माल संपला की बंद होतं, दुपार उलटल्यावर भरवसा नाही. मांजराच्या शेपटीच्या आकाराचे डोनट. भाजलेलं रताळं. सेंबेई बहुतेक चालतात, पण कोळंबी लावलेलेही असतात. कोळंबीला ‘एबी’ म्हणतात, विचारून घ्या. आणि हिमित्सुदोचा काकिगोरी. निक्कोच्या नैसर्गिक बर्फाचा, हातानं चाक फिरवून किसलेला, वर ताज्या फळांचा पाक. याला बर्फाचा गोळा म्हणणं म्हणजे तांबड्या रश्श्याला टोमॅटो सूप म्हणणं. बर्फ इतका पातळ किसतात की दात लागत नाही. बारा महिने मिळतो. गर्दीच्या दिवशी वेळेचे क्रमांक वाटतात. एक वाटी हजार येनच्या वर धरा आणि दर माणशी एक घ्यावीच लागते.

हे दर माणशी प्रकरण सगळ्याच कॅफेत आहे. चौघांत दोन कॉफी, एक वन-बाय-टू, हे चालत नाही. पाणी आणि हात पुसायचा ओला रुमाल फुकट. दारात थांबायचं, आपण होऊन टेबल पकडायचं नाही. बोटांनी चार दाखवा. बाहेर यादी ठेवलेली असेल तर इंग्रजीत नाव आणि पुढं ४ लिहा. चौघांना एकत्र जागा हवी म्हटलं तर लहान कॅफेत थांबायला लागतं, दोन-दोन बसायची तयारी ठेवा. शेवटची ऑर्डर बंद व्हायच्या अर्धा तास आधी घेतात. बिल काउंटरवर द्यायचं, टिप नाही. टिप ठेवलीत तर रस्त्यापर्यंत मागं पळत येऊन परत देतील.

चालत खाऊ नका. घेतलेलं दुकानापुढंच संपवायचं आणि कागद त्याच दुकानात परत द्यायचा. रस्त्यावर कचरापेट्या मिळत नाहीत, खिशात एक पिशवी ठेवा.

रंकाळा_वेस

दोघांनी सोन्यासारखी माहिती दिलीत. दोन शंका. एक, रोख किती न्यायची? दुसरी हसण्यासारखी आहे. सासूबाई कोल्हापुरी चपलेशिवाय काही घालत नाहीत आणि इथं तर मोजे सक्तीचे आहेत.

अंगठ्याची_चप्पल

यात हसण्यासारखं काही नाही, उलट जपानइतकी सोय कुठंच नाही. ताबी नावाचे मोजे मिळतात, अंगठा वेगळा आणि बाकीची चार बोटं एकत्र. जपानी चपलेच्या पट्ट्यासाठी ते तसे शिवतात, म्हणजे आपल्या अंगठेवाल्या कोल्हापुरीत चपखल बसतात. माप सेंटिमीटरमध्ये असतं, टाच ते अंगठा मोजून न्या. पातळ सुती घ्या, जाड घेतलेत तर अंगठ्याच्या चामड्यात पाय शिरणार नाही. आणि नवी कोरी चप्पल नेऊ नका, मोज्यासकट निदान आठवडाभर घरात वापरून सैल करून घ्या.

पावसाचं मात्र बघा. एप्रिलमध्ये टोकियोत सरी येतात. कोल्हापुरीचं चामडं झाडपाल्याच्या कसानं कमावलेलं असतं. ते पाणी पितं, फुगतं, आणि तळ ओल्या उतारावर घसरतो. सानसाकी-झाका ओला असताना चामड्याच्या तळानं उतरणं गुडघ्याला परवडणार नाही. रबरी तळ मारून घ्या, चप्पल लाईनीत कुणीही करून देईल. किंवा दुसरा जोड न्या.

रोख: छोट्या दुकानांत, देवळांत आणि खाऊच्या टपऱ्यांवर रोखच लागते. एका दिवसाला चौघांत पंधरा हजार येन पुरे, १०० येनला ५५-६० रुपये धरून हिशेब करा. त्यातले दहा हजार सकाळीच सुट्या हजाराच्या नोटांत मोडून घ्या. दोनशे येनच्या तैयाकीला दहा हजाराची नोट काढली की दुकानदार काही बोलत नाही, पण तोंड बघण्यासारखं होतं. पैसे हातात द्यायचे नाहीत, गल्ल्यापाशी छोटी तबकडी असते तिच्यात ठेवायचे. जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा आल्या. कूपन देणारी काही जुनी यंत्रं त्या घेत नाहीत, त्यामुळं नाणी जवळ असू द्या. नव्या दहा हजाराच्या नोटेवर शिबुसावा एइइची आहेत, त्यांची समाधी यानाकाच्याच स्मशानभूमीत आहे. शेवटचा शोगुन तोकुगावा योशिनोबूही तिथंच. स्मशानभूमीतला मधला रस्ता दोन्ही बाजूंना चेरीची झाडं असलेला आहे, लोक सर्रास फिरतात. पण निप्पोरीच्या दक्षिण दारातून तिकडं जाताना पायऱ्या लागतात. तुम्ही उत्तरेचं फाटक आणि पश्चिमेची बाजू धरा.

मातीची_भिंत

घरं बघायची असतील तर काय बघायचं ते सांगतो, नाहीतर ‘जुनं आहे, छान आहे’ म्हणून पुढं जाल.

१६५७ मध्ये एदोत, म्हणजे जुन्या टोकियोत, मोठी आग लागली, त्यानंतर शहरातली बरीच देवळं इकडं हलवली. आजही सत्तरेक देवळं आहेत. १९२३ चा भूकंप आणि १९४५ चे बॉम्बहल्ले यांतून हा भाग बऱ्यापैकी वाचला. म्हणून रस्त्यांची जुनी आखणी टिकली. आता गल्लीत उभे राहून दोन्ही बाजूंच्या घरांची रेषा बघा: एक घर पुढं, शेजारचं मागं सरकलेलं. कारण जपानच्या इमारत कायद्यात रस्ता चार मीटर रुंद धरतात. गल्ली त्याहून अरुंद असेल तर नवं घर बांधताना मध्यरेषेपासून दोन मीटर मागं सरकावं लागतं. मागं सरकलेलं घर नवं, पुढं आलेलं जुनं. नुसत्या रेषेवरून वय कळतं. मंगळवार पेठेत नाहीतर शिवाजी पेठेत रस्ता रुंदीकरणाच्या खुणा बघितलेल्याला हे लगेच कळेल. फरक एवढाच, तिथं घर पाडत नाहीत, पुन्हा बांधायची वेळ येईपर्यंत थांबतात.

कान्नोनजीची भिंत जवळून बघा. मातीच्या थरांत कौलांच्या आडव्या ओळी घातल्यात. कौलांमुळं थर बांधले जातात, आणि माथ्यावर कौलांचं छप्पर असल्यानं पाणी भिंतीत मुरत नाही. आपल्या वाड्यांच्या पांढऱ्या मातीच्या भिंती पडतात त्या वरून भिजतात म्हणून. डोक्यावरचं कौल गेलं की दोन पावसाळ्यांत खेळ खलास.

आणि हागिसोमध्ये एक कॉफी घ्याच. असाकुराहून जवळ आहे. १९५५ ची दुमजली लाकडी चाळ. विद्यार्थी राहायचे. २०११ च्या भूकंपानंतर पाडायची ठरली होती. पाडण्याआधी राहणाऱ्यांनी सगळ्या खोल्यांत मिळून एक कलाप्रदर्शन भरवलं, लोक आले आणि मालकांचा विचार बदलला. २०१३ पासून तिथं कॅफे आणि गॅलरी आहे. वर बघा: मधला मजला काढून छत उघडं केलंय, पण जुने खांब-तुळया जागच्या जागी आहेत. त्यांनीच २०१५ मध्ये जवळच्या जुन्या घरात राहायच्या खोल्या काढल्या. नोंद हागिसोत करायची, झोपायचं दुसऱ्या गल्लीत, अंघोळीला सार्वजनिक स्नानगृह, जेवायला पेठेतल्या खानावळी. म्हणजे पेठच हॉटेल. वाडा दुरुस्त करायचा म्हटलं की आपल्याकडं पहिला विचार लिफ्ट आणि एसीचा येतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

घरापुढच्या कुंड्या, सायकली, वाळत घातलेले कपडे यांचे फोटो दार ओलांडून काढू नका. लोक राहतात तिथं.

चढउतार

हागिसो कायाबाऐवजी नको, दुपारी तीनला टेकायला ठेवा. तिकटीवरच्या भावाच्या प्रश्नाचं उत्तर तेच.

पुरण_अझुकीचं

खरेदीबद्दल कुणी बोललं नाही. इसेतात्सूतले हातानं छापलेले मोठे कागद महाग असतात आणि घडी घातली की घडीवरचा रंग उडतो. गुंडाळी करून पुठ्ठ्याच्या नळीत मागा, केबिनच्या बॅगेत ठेवा. लहान वह्या आणि कागदी डब्या परवडतात. गिन्झात विनोदी मांजराच्या चित्रांचे लाकडी शिक्के करून देणारं दुकान आहे. नाव जपानी लिपीत कोरतात, ‘ळ’ आणि ‘ण’ तिथं नाहीत, त्यामुळं मृणाळ असेल तर काय निघेल ते आधी कागदावर बघून घ्या. देवळात शिक्का आणि हस्ताक्षर हवं असेल तर त्याची वेगळी घडीची वही लागते, साध्या वहीत बहुतेक ठिकाणी देत नाहीत. शिक्क्याला ३०० ते ५०० येन, सुटे.

सासूबाईंना एक गंमत दाखवा. उएनोच्या शिनोबाझू तळ्यातल्या देवळात बेंझाइतेन आहे, ती आपली सरस्वती. तिच्या बऱ्याच मूर्तींत हातात वीणेच्या जागी बिवा हे जपानी तंतुवाद्य असतं. यानाकाच्या सात भाग्यदेवतांच्या यात्रेतलं हे एक ठाणं. यात्रा १ ते १० जानेवारी, पण तळ्यातलं देऊळ वर्षभर उघडं असतं आणि तुमच्या हॉटेलपासून पायी आहे.

रंकाळा_वेस

शुक्रवार पक्का केला. नेझू ठेवलं, किकुमी गाळलं. चप्पल उद्याच तळ मारायला देते. जपानीतला कागद कुणी तपासून देईल का? निरोपात पाठवते.

रश्श्यात_दाशी

पाठवा. त्यात ‘दाशी चालते’ की ‘दाशीही नको’ हे एकच काय ते ठेवा, दोन्ही लिहून खाडाखोड केलेला कागद दाखवू नका.

तिकटीवरचा

आणि ताई, परतीला काही नाही, पण कधी उलट बाजूनं गाडीनं आलात तर ‘निशी-निप्पोरी’ला उतरू नका. ते निप्पोरीच्या आधी लागणारं वेगळं स्टेशन आहे. नावं सारखी वाटतात.